झटपट खाणे आणि माझा गुरुवार
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाईंनी मला ‘बदलता आहार’ या विषयावर बोलायला सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले होते. आहारावर बोलायचे म्हणजे प्रथिने आली, जीवनसत्त्वे आली. आणि ते सारे मागच्या वर्षी डॉक्टरीणबाई इतके नीट सांगून गेल्या आहेत की त्यात मी भर काय घालणार? त्यांच्या भाषणानंतर आपण सर्वांनी बटाटेवड्यांवर कसा ताव मारला, हेही मला आठवते. तेव्हा आहाराचे शास्त्र बाजूला ठेवून मी तुम्हांला दोन जेवणांची हकीकत सांगते. एक, १९९८ साली जे मी जेवले नाही ते. आणि दुसरे, गेल्या महिन्यात जे मी एकटीने बसून जेवले ते. दोन्ही जेवणे त्या झटपट खाण्याच्या, बर्गर आणि तळलेल्या बटाट्यांच्या दुकानांतली. दुकानांची नावे मात्र विचारू नका. स्मरणिकेत जाहिरातीचे दर ठरलेले आहेत. फुकट जाहिरात कशाला करावी?

पण त्याआधी आमच्या सासूबाईंविषयी सांगायला हवे.

१९७८ साली लग्न होऊन मी लालबागला आले. चाळीतली दहा बाय बाराची खोली, मोरी आतच, आणि त्या खोलीत सासूबाईंची खानावळ. मामंजी गिरणीत साचाखात्यात होते. पण एका पगारात घर आणि गावचे देणे दोन्ही भागेना, म्हणून सासूबाईंनी जेवणारे ठेवले. मी आले तेव्हा ते बावीस होते, बहुतेक रत्नागिरीकडचे. बायकामुले गावाला आणि हे इथे पाळीने एकेका खोलीत निजणारे. बावीस माणसे म्हणजे एका वेळी नव्हे, बरे का. पाळ्यांप्रमाणे पाच-सहांची पंगत उठायची, पुढची बसायची. भोंगा झाला की कामावर हजर व्हायलाच हवे, तेव्हा माणूस पाटावर बसल्यापासून हात धुऊन उठेपर्यंत दहा-बारा मिनिटे, त्यापेक्षा जास्त नाहीत. आज आपण ‘फास्ट फूड’ म्हणतो, ते मी पहिल्यांदा तिथे पाहिले. कालवण, भात, भाकरी; बुधवारी आणि रविवारी मासळी. परात कुठे, स्टो कुठे, भाकऱ्यांची टोपली कोणत्या हाताला, हे सारे इतके ठरलेले की मी नवी असताना एकदा ताटांचा ढीग वीतभर सरकवून ठेवला, तर सासूबाईंचा हात हवेतच राहिला आणि मला बोलणी बसली.

अशा खानावळी चालवणाऱ्या बाया गिरणगावात पुष्कळ होत्या. सावकाराकडून पैसे उचलायचे आणि व्याजात मरायचे, हा त्यांचा नेम. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि या बायांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. आमच्या सासूबाईंनी पुढे त्याच वाटेने कर्ज काढले. सही करता येत नव्हती म्हणून त्या पंधरा दिवस पाटीवर नाव गिरवीत होत्या. आज आपले मंडळ पोळी-भाजी केंद्र चालवते. तेव्हा ही गोष्ट इथे सांगणे अस्थानी होणार नाही.

मग १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. त्याची कथा तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते, आणि त्यांतल्या कितीकांना पुन्हा गिरणीचे दार दिसले नाही. आमच्या घरी त्याचा अर्थ एवढाच की जेवणारे एकेक करून गावाला गेले. राहिले त्यांना सासूबाईंनी उधारीवर जेवू घातले. चार महिने, पाच महिने. पुढे तांदूळच उरला नाही. त्या उधारीची वही अजून माझ्याकडे आहे. काहींनी पुढे गावाहून मनीऑर्डरी पाठवल्या, बहुतेकांना ते जमले नाही. सासूबाईंनी त्यांच्याविषयी वाईट शब्द कधी काढला नाही. फक्त ती वही फेकून द्यायचीही त्यांची तयारी नव्हती. ह्यांना नंतर वागळे इस्टेटीत काम लागले आणि आम्ही ठाण्याला आलो.

आता १९९८. त्याआधी दोन वर्षे, १९९६ च्या ऑक्टोबरात, मॅकडोनाल्डचे आपल्या देशातले पहिले दुकान दिल्लीला वसंत विहारात निघाले आणि लगोलग वांद्र्यालाही निघाले. अमेरिकेतली ही कंपनी इथे गोमांस वा डुकराचे मांस न ठेवता आली, याची तेव्हा बरीच चर्चा झाली होती. त्याच्या पाठोपाठ त्या धर्तीची दुकाने मुंबईत दिसू लागली आणि शाळेतल्या पोरांच्या तोंडी दुसरा विषय राहिला नाही. आमचा मुलगा त्या वर्षी दहावीला होता. पहिला वर्ग मिळाला तर तिथे न्यायचे, असे ह्यांनी कबूल केले होते. कबूल करणारे कबूल करतात, भगिनींनो. हिशेब आपण करतो. निकाल चांगला लागला. शुक्रवारी संध्याकाळी आम्ही पाचही जण निघालो : हे, मी, मुलगा, आठ वर्षांची धाकटी आणि सासूबाई.

भिंतीवरचे भाव वाचले आणि मी मनातल्या मनात बेरीज केली. पाकिटात जे होते त्यात चौघांचे होत होते, आणि परतीची तिकिटे. मी म्हटले, “तुम्ही घ्या. माझा आज गुरुवार आहे.”

हे म्हणाले, “हो का?” आणि रांगेत जाऊन उभे राहिले. त्या दिवशी शुक्रवार होता हे त्यांच्या लक्षातही आले नाही. यावर मी अधिक काही बोलत नाही. ते समोरच बसले आहेत.

धाकटीने आपल्या पुड्यातले दोन तळलेले बटाटे माझ्यापुढे धरले आणि म्हणाली, “आई, बटाटा चालतो ना उपासाला?” मी एक खाल्ला. गरम होता, खारट होता आणि फार चांगला होता, म्हणून दुसरा तिला परत दिला.

सासूबाईंचे मात्र खाण्याकडे लक्षच नव्हते. मागची भटारखान्याची बाजू उघडी दिसत होती, तिकडे त्या टक लावून पाहत होत्या. तेवढ्यात तळणीच्या यंत्राची घंटी वाजली, पोराने झारा उचलला. पुन्हा दुसरी घंटी वाजली, दुसऱ्या पोराने पाव काढले. त्या मला म्हणाल्या, “भोंगा वाजतोय गो आतमध्ये.” आणि थोड्या वेळाने, “बघ, इतकी माणसं आत फिरतायत, पण कोण कोणाच्या आडवं येत नाय.”

पुष्कळ वर्षांनी माझ्या मुलाने मला या धंद्याची मूळ कथा वाचून दाखवली, तेव्हा सासूबाईंचे ते वाक्य मला आठवले. कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनो गावी मॅकडोनाल्ड नावाचे दोघे भाऊ होते. त्यांचे उपाहारगृह चांगले चालत असताना १९४८ साली त्यांनी ते काही महिने बंद ठेवले आणि सगळी रीतच बदलली. पदार्थांची यादी कापून नऊवर आणली. वाढणाऱ्या मुली काढल्या. ताटल्या, काटेचमचे काढून कागदात गुंडाळून द्यायला सुरुवात केली; म्हणजे भांडी घासण्याचा प्रश्नच मिटवला. (हे इतके सोपे असेल असे आपल्याला कधी सुचले नाही!) पंधरा सेंटांना एक बर्गर. पुढे नवे स्वैपाकघर बांधायचे ठरले तेव्हा त्यांनी टेनिसच्या मैदानावर खडूने ते आखले, नोकरांना त्यात खोटाखोटा स्वैपाक करायला लावला, आणि कोण कुठे वळतो, कुणाची पावले फुकट जातात, ते पाहून रेघा पुसून पुन्हा ओढल्या. १९५५ साली रे क्रॉक नावाच्या विक्रेत्याने इलिनॉय राज्यात त्या नावाचे आपले दुकान उघडले आणि १९६१ मध्ये सत्तावीस लाख डॉलरना भावांचा सगळा हक्क विकत घेतला. हे ऐकून मला एवढेच वाटले की आमच्या सासूबाईंनी खडू न घेता दहा बाय बारात हेच केले होते. त्यांच्याकडे विकत घ्यायला कुणी आले नाही, ती गोष्ट वेगळी.

असो. त्या शुक्रवारी परत येताना दादरला गाडी बदलायची होती. सासूबाई म्हणाल्या, “तुम्ही पुढे व्हा, माझा पाय दुखतोय, ही थांबेल माझ्याबरोबर.” हे मुलांना घेऊन पुढे गेले. सासूबाई पाय दुखत असताना तरतर चालत स्टेशनाबाहेर गेल्या आणि दोन वडापाव घेऊन आल्या. वडापावाची सुरुवात १९६६ साली याच दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर झाली, असे सांगतात. आम्ही घेतला तो कुणाचा होता हे मला माहीत नाही. एक त्यांनी माझ्या हातात दिला.

“उपास सोड,” म्हणाल्या. “गुरवार काल झाला तुझा.”

मी काहीच बोलले नाही. दोघी पुलाच्या कठड्याला टेकून उभ्याने खाल्ले. त्या दुकानात त्यांनी आपला बर्गर निम्मा खाऊन ठेवला होता, तोही मुलाला दिला होता. हात पुसत म्हणाल्या, “मी संकष्टी सांगायचे. बावीस माणसं जेवून उठली की टोपलीत काय उरलंय ते आधी बघायचं, आणि मग कुठला उपास ते ठरवायचं.”

त्या २००४ साली गेल्या.

त्यानंतर मी अशा दुकानात पाऊल टाकले नाही. मुलांनी किती वेळा म्हटले, सुनेने म्हटले, जावयाने वाढदिवसाला न्यायचे ठरवले. मी दरवेळी नाही म्हटले. ते काय अन्न आहे, मैदा आणि तेल, असे मी म्हणत असे, आणि तुम्हांपैकी पुष्कळजणींनी ते माझ्या तोंडून ऐकले आहे. ते खोटे नाही. पण खरे कारण ते नव्हते. त्या दाराशी गेले की मला पाकिटातले पैसे मोजणारी मी दिसत असे, आणि ती मला आवडत नसे.

गेल्या महिन्यात गिरणी कामगारांच्या वारसांना मिळायच्या घराच्या कागदपत्रांसाठी मी लालबाग-परळकडे गेले होते. मामंजींचे जुने कार्ड, दाखले, झेरॉक्सचे गठ्ठे. काम आटोपायला दीड वाजला. सकाळी सातला निघालेली; साखरेचे दुखणे, उपाशी राहून चालत नाही. आमच्या चाळीच्या जागी मनोरा उभा आहे. जवळची एक गिरण होती तिथे मॉल. चिमणी तेवढी शोभेला ठेवली आहे. आत गेले ती खरे तर मोरीसाठी, आणि बाहेर आले तर समोरच ते दुकान.

आता तिथे माणसाशी बोलायचे नसते. पुरुषभर उंचीचा काचेचा पडदा असतो, त्यावर बोट लावायचे. मी बोट लावले, तर तीन बर्गर झाले. कमी करायला गेले, तर पाच झाले. मागे रांग. मी निघणार इतक्यात टोपी घातलेली एक मुलगी आली. “आजी, थांबा, मी करते. व्हेज ना? तिखट चालेल? कॉफी बिनसाखरेची?” दोन मिनिटांत सारे झाले, आणि पैसे रोख घेऊन तिने पावती आणून दिली. मी किती झाले ते पाहिले. पण दिल्यानंतर पाहिले.

खाणे कसे होते म्हणाल, तर पाव आपल्या पावापेक्षा मऊ आणि जरासा गोडसर, आत बटाट्याची टिक्की, वाटाणे. लसणीची चटणी असती तर बहार आली असती. पण गरम होते. मी खिडकीशी बसले आणि सावकाश सगळे खाल्ले. कुणासाठी निम्मे ठेवायचे नव्हते, कुणाचे उरलेले संपवायचे नव्हते. आतून मधूनमधून ती घंटी वाजत होती.

ती मुलगी टेबल पुसायला आली तेव्हा मी विचारले, “तू जेवलीस का?”

“माझा ब्रेक साडेतीनला, आजी.” बदलापूरहून येते म्हणाली, पहाटे साडेपाचला घर सोडते. दिवसभर उभे राहायचे.

माझ्या पिशवीत प्रवासासाठी घेतलेले दोन शेंगदाण्याचे लाडू होते. आधी नको म्हणाली, इथे चालत नाही म्हणाली. मग इकडेतिकडे पाहून एप्रनच्या खिशात टाकले. खाल्ले की नाही कुणास ठाऊक.

रात्री धाकटीचा बंगलोरहून फोन आला. मी तिला म्हटले, “अगं, आज मी बर्गर खाल्ला. एकटीने. अख्खा.”

पलीकडे क्षणभर काहीच नाही. आजीने तिला सांगितले होते की तिचे तिलाच कळले होते, मला ठाऊक नाही. मी तर कधी अवाक्षर काढले नव्हते.

“आई,” ती म्हणाली, “आज वार कोणता गं?”

“मंगळवार.”

“मग बरं झालं,” म्हणाली. “तुझा गुरुवार नव्हता.”