प्रसादाचे ताट आणि घरचे ताट
(श्रीमठाच्या वर्धापनोत्सवात उणकल येथे केलेले भाषण)

मी आज एका साध्या विषयावर चार शब्द बोलणार आहे. वेदान्तावर बोलण्याचा अधिकार येथे अनेकांना आहे. मी पाठशाळेत शिकलो व आता तेथेच मुलांना शिकवितो. मी बोलणार आहे तो भाकरीविषयी.

आपण सर्वांनी आत्ताच दासोहाच्या पंगतीत प्रसाद घेतला. पानावर ज्वारीची भाकरी होती, मुगाची उसळ होती, भरली वांगी होती, शेंगदाण्याची व जवसाची चटणी होती, मेथीचा कच्चा पाला व कांदा होता, ताक होते, आणि शेवटी खपली गव्हाची हुग्गी होती. प्रत्येकाने ते कपाळाला लावून भक्षण केले. आता येथून परत जाताना आपल्यापैकी किती जण बिस्किटांचा पुडा व फरसाण घेऊन घरी जातील? हा प्रश्न मी इतरांना विचारीत नाही. मी स्वतः अनेक वर्षे तेच केले आहे.

दोन वर्षांपूर्वी शाळेतील तपासणीत माझ्या नऊ वर्षांच्या मुलीचे हिमोग्लोबिन अवघे ९ निघाले. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि विचारले, "शास्त्रीजी, मुलगी दिवसभर काय खाते?" तिला कोणती स्तोत्रे मुखोद्गत आहेत हे मी तत्काळ सांगितले असते, ती न्याहारीला काय खाते, हे मला सांगता आले नाही. घरी येऊन पाहिले, तो सकाळी चहा व बिस्किटे, दुपारी पांढरा भात, सायंकाळी मीच आणलेली खारी. लक्ष्मी घरात होती, पण अन्नपूर्णा नव्हती.

हे माझ्याच घरचे दुःख नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब-आरोग्य पाहणीत कर्नाटकातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी जवळजवळ ४८ टक्के, आणि पाच वर्षांखालील बालकांपैकी ६५ टक्क्यांहून अधिक, रक्तक्षयाने ग्रस्त आढळली. अर्थात पंगतीत बसलेल्या दोन स्त्रियांपैकी सुमारे एक.

याची कारणे अनेक आहेत, पण एक कारण ताटात आहे. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू व ४ मिलिग्रॅम लोह असते. कोंडा व अंकुर काढून टाकलेल्या मैद्यात तंतू जेमतेम ३ ग्रॅम व लोह २ मिलिग्रॅमपेक्षाही कमी. पॉलिश केलेल्या तांदळात लोह १ मिलिग्रॅमही नसते. शिवाय जेवणाबरोबर घेतलेला चहा आहे तेवढे लोहही शरीरात शोषू देत नाही. म्हणूनच राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत जेवणाच्या आधी व नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळण्यास सांगितले आहे. उलट लिंबाची एक फोड लोहाच्या शोषणास साहाय्य करते. कोरड्या मुगात क जीवनसत्त्व नाममात्र असते. तेच मूग रात्री भिजवून दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधले, की मोडांबरोबर ते उत्पन्न होते. मात्र उष्णतेने त्याचा काही अंश नष्ट होतो. म्हणून लिंबू उसळ उतरविल्यावर पिळावे.

तथापि ज्वारीचे स्तोत्र गाताना एक सावधगिरी हवी. दख्खनच्या पठारावर केवळ ज्वारीवर दिवस काढणाऱ्या गरीब मजुरांना पेलाग्रा नावाचा त्वचेचा व बुद्धीचा विकार होत असे. डॉ. गोपालन व डॉ. श्रीकांतय्या यांनी १९६० मध्ये त्याचा संबंध ज्वारीतील ल्युसिन या घटकाच्या आधिक्याशी जोडला. या विकारात शरीराला नायसिन कमी पडते. आणि ते शेंगदाण्यात विपुल आहे! भाकरीशेजारी शेंगदाण्याची चटणी, डाळ व ताक हवेच, असे आपल्या आज्या कोणता ग्रंथ वाचून म्हणत होत्या? एकटे धान्य कितीही श्रेष्ठ असो, पूर्णता पंगतीत आहे. सतराव्या शतकात तंजावरच्या मराठी राजकुळाच्या आश्रयाने रघुनाथपंडितांनी 'भोजनकुतूहल' हा संस्कृत ग्रंथ रचून धान्ये, भाज्या, दूध-ताक यांचे गुणदोष सांगितले. पाठशाळेत आम्ही अशा ग्रंथांची नावे घोकली. स्वयंपाकघराचा उंबरठा मात्र ओलांडला नाही.

आणि आता मूळ मुद्द्याकडे येतो. "घरचे सकस अन्न खावे" असे व्यासपीठावरून सांगणे सोपे आहे. पण ते करावयाचे कोणी? माझी पत्नी पहाटे उठून दोन वेळचा स्वयंपाक करी, आणि तिच्यावर आणखी भार टाकण्यास मी निघालो होतो. तेव्हा तिने एकच वाक्य उच्चारले: "मठात भाकऱ्या तुम्ही पुरुषच थापता ना?" मी निरुत्तर झालो. मठात आपण मोठमोठ्या पातेल्यांतील हुग्गी ढवळतो व त्याला सेवा म्हणतो. घरी तेच काम स्त्रीचे म्हणून बाजूला सारतो. सेवा काय मठाच्या दारातच थांबते?

मी मठातील वयोवृद्ध स्वयंपाक्यांना शरण गेलो. त्यांनी सांगितले, "ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. कढत पाणी घाला, पीठ ताजे घ्या आणि भरपूर मळा." माझ्या पहिल्या पाच भाकऱ्या तव्यावर जाण्यापूर्वीच भंगल्या. मुलगी हसली, पण तिने ते तुकडे चटणीशी आवडीने खाल्ले. आज आठवड्यातून तीन संध्याकाळी भाकरी माझ्याकडे आहे. मूग भिजविणे मुलीकडे आहे. तीन महिन्यांनी तिचे हिमोग्लोबिन ११ च्या वर गेले. त्यात गोळ्यांचा भाग किती व ताटाचा किती, हे मी सांगणार नाही. औषध डॉक्टरांच्या आज्ञेशिवाय कोणी सोडू नये.

माझी प्रार्थना एवढीच, की सर्व एकदम बदलू नये. पहिल्या महिन्यात मुलांचा चहा बंद करून ताक द्यावे. दुसऱ्या महिन्यात बिस्किटांच्या जागी शेंगदाणे व गूळ, किंवा राजगिऱ्याचा लाडू ठेवावा. तिसऱ्या महिन्यात रात्रीच्या भाताऐवजी चार दिवस भाकरी करावी. मिठाचे प्रमाण माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत असावे. पापड-लोणचे जपून वाढावे. हुग्गीसाठी खपली गहू आपल्याच भागात पिकतो. धारवाडच्या कृषिविद्यापीठाने त्याच्या सुधारित जाती दिल्या आहेत. मात्र गोड ते गोडच. मधुमेह असलेल्यांनी प्रसाद म्हणून चमचाभरच घ्यावी.

आणि पुरुषमंडळींनी घरी गेल्यावर परात हाती घ्यावी. श्रीगुरूंनी दासोहात आपल्याला जे शिकविले, ते उणकलच्या तळ्याकाठचे हे आवार सोडताच विसरले, तर प्रसाद पोटात गेला, पण अंगी लागला नाही, असेच म्हणावे लागेल. घरची पंगतही श्रीगुरूंचीच पंगत आहे, ही भावना आपणा सर्वांच्या ठायी दृढ होवो, एवढे मागून माझे बोलणे पुरे करतो.

॥ श्रीगुरुचरणार्पणमस्तु ॥