पदवी दूर, हुन्नर दुर्मीळ



१ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ स्थापन झाले आणि वऱ्हाडातील विद्यार्थ्यांची नागपूरची वारी टळली. तथापि बुलढाण्याहून अमरावती सुमारे दोनशे किलोमीटर दूर आहे आणि जिल्ह्याच्या या मुख्य ठिकाणी रेल्वे नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या संग्रामपूर तालुक्यातील मुलीला पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे, तर शुल्काआधी प्रश्न उभा राहतो तो खोलीभाड्याचा, खानावळीचा आणि घरच्यांच्या काळजीचा. २०२४ मध्ये राज्य शासनाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या पात्र कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क माफ केले, हे स्वागतार्हच. पण शुल्क माफ झाले, अंतर माफ झाले नाही.

२०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात महाराष्ट्राचे नोंदणीचे प्रमाण सुमारे ३५ टक्के होते. या सरासरीत पुणे-मुंबईही आली, हे विसरून चालणार नाही. मग उरलेल्यांचे काय?

एके काळी त्यांच्यासाठी दुसरी वाट होती. खामगावच्या चांदीकामात, जिनिंगमध्ये, लेथवर, एस.टी.च्या कार्यशाळेत मुलगा जाणत्याच्या हाताखाली बसे. चुकत, बोलणी खात कारागीर होई. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याने या परंपरेला चौकट दिली. आता कंत्राटी पद्धतीत कामगार वर्षभर टिकेल याचीच शाश्वती नाही. त्याला शिकविण्यात मालक वेळ का घालवील? २०१९ च्या नियमांनी तीस वा अधिक मनुष्यबळाच्या आस्थापनांना उमेदवार घेणे बंधनकारक केले. परंतु कृषिप्रधान जिल्ह्यातील बहुतेक दुकाने व कार्यशाळा या मर्यादेच्या खालीच राहतात. २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेने विद्यावेतनाची सोय केली. पण विद्यावेतन मिळाले म्हणजे विद्या मिळाली, असे नव्हे. त्यासाठी शिकविणारा शेजारी उभा असावा लागतो.

ज्यांचे नाव आज या विद्यापीठाला आहे, त्या संत गाडगेबाबांनी हातावर भाकरी घेऊन खा, पण मुलांना शिकवा, असे गावोगावी सांगितले; यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारल्या. आजचे यात्रेकरू म्हणजे खेड्यांतून येणारे विद्यार्थी. अमरावती-अकोल्यातील सुस्थित कुटुंबांनी प्रत्येकी एका विद्यार्थ्याच्या निवासाचा भार उचलावा. खामगाव, चिखली, मलकापूरच्या उद्योजकांनी कुशल मिस्त्रीच्या हाताखाली एक तरुण वर्षभर ठेवावा आणि शिकविण्याचा वेळ त्या मिस्त्रीच्या कामात धरावा. वसतिगृहे आणि बससेवा यांसाठी शासनाकडे आग्रह धरावाच. पण जे समाजाच्या हाती आहे, त्यासाठी शासनादेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.