आसियान राष्ट्रे आणि आपण



वसंत व्याख्यानमालेत काव्य, इतिहास आणि संतवाङ्मय यांवर बोलण्याचा प्रघात आहे. आम्ही मात्र आज करारमदार आणि जकात यांचा रूक्ष विषय घेऊन आपल्यापुढे उभे आहो. याचे कारण इतकेच, की बँकॉक किंवा बाली येथे झालेल्या सह्यांचा परिणाम चितेगावच्या कारखान्याच्या फाटकापर्यंत आणि आपल्या मोंढ्यातील सोयाबीनच्या भावापर्यंत येऊन पोचतो. जे इतके जवळ येते ते समजून घेणे हे नागरिकाचे कामच आहे.

परदेशाशी व्यापार ही आपल्या या रस्त्याला नवी गोष्ट नव्हे. येथून थोड्या अंतरावरील पैठण हे सातवाहनांचे प्रतिष्ठान. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात भडोच बंदरापासून दक्षिणेकडे वीस दिवसांच्या वाटेवर पैठण असल्याची नोंद आहे. पैठणहून मौल्यवान दगड आणि तेर येथून कापड गाड्यांत भरून त्या बंदरात जात असे. पुढे यज्ञश्री सातकर्णीने तर आपल्या नाण्यांवर शिडांचे जहाज कोरविले. तेव्हा आपले पूर्वज कूपमंडूक होते असे कोणी म्हणू नये.

आता आजच्या गोष्टीकडे वळू. आग्नेय आशियातील इंडोनेशिया, मलेशिया, फिलिपाईन्स, सिंगापूर आणि थायलंड या पाच राष्ट्रांनी ८ ऑगस्ट १९६७ रोजी बँकॉक येथे एकत्र येऊन जो राष्ट्रसमूह स्थापन केला, त्याचे नाव आसियान. पुढे ब्रुनेई, व्हिएतनाम, लाओस, म्यानमार आणि कंबोडिया त्यात आले आणि २०२५ साली पूर्व तिमोर अकरावे सभासद झाले. आपण या समूहाचे सभासद नाही, भागीदार आहो. ही भागीदारी १९९२ साली काही क्षेत्रांपुरती सुरू झाली. २००२ पासून शिखर बैठका होऊ लागल्या आणि २०२२ साली तिला सर्वंकष भागीदारीचे रूप आले. पूर्वेकडे पाहण्याचे हे धोरण ज्या पंतप्रधानांनी आखले ते नरसिंह राव मराठी उत्तम जाणत. रामटेकने त्यांना लोकसभेत पाठविले होते आणि हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’ या कादंबरीचा त्यांनी तेलुगूत अनुवाद केला होता.

धोरण चांगले होते यात शंका नाही. प्रश्न त्याच्या अंमलाचा आहे, आणि तो पाहण्यास चितेगावसारखी दुसरी जागा नाही. गेल्या शतकाच्या अखेरीस येथील व्हिडिओकॉनच्या कारखान्यामुळे या गावाचे नाव घरोघर पोचले आणि पंचक्रोशीतील तरुणांना शेतीबाहेरची भाकरी मिळाली. ऑक्टोबर २००३ मध्ये भारत आणि थायलंड यांच्यात करार झाला. त्यान्वये १ सप्टेंबर २००४ पासून ८२ वस्तूंवरील जकात टप्प्याटप्प्याने उतरू लागली आणि दोन वर्षांत ती शून्यावर आली. त्या ८२ वस्तूंत रंगीत दूरचित्रवाणी संच आणि त्यांच्या चित्रनलिकाही होत्या. देशातील कारखानदारांना पहिल्यांदाच कळले, की स्पर्धा आता बंगलोर किंवा नोएडाशी नसून बँकॉकशी आहे.

पुढे १३ ऑगस्ट २००९ रोजी साऱ्या आसियान समूहाशी मालाच्या व्यापाराचा करार झाला आणि १ जानेवारी २०१० पासून तो अमलात येऊ लागला. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. कारखान्याला मारक ठरते ती नुसती स्वस्त आयात नव्हे, तर उलटी जकात. समजा, संच बनविण्यास लागणाऱ्या काचपट्टीवर आपण कर घेतला आणि तयार संच मात्र मित्रराष्ट्रातून करमुक्त येऊ दिला, तर येथे संच बनविण्यात शहाणपण ते कोणते? २०१८ साली नेमके हेच घडले. पट्टीवर जकात बसताच एका मोठ्या परदेशी कंपनीने तामिळनाडूतील संचनिर्मिती थांबविली आणि व्हिएतनाममधून तयार संच आणावयास सुरुवात केली. त्यात कायद्याविरुद्ध काहीच नव्हते. दोष आपल्याच जकातीच्या रचनेत होता. पुढे २०२० साली दूरचित्रवाणी संचांच्या आयातीवर परवान्याचे बंधन घालावे लागले.

व्हिडिओकॉनवर जून २०१८ मध्ये दिवाळखोरीची कार्यवाही सुरू झाली. ते सारे आसियानमुळे झाले असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हणणे सोपे आहे, पण खरे नव्हे. कर्जाचा डोंगर, तेल आणि दूरसंचार अशा दूरच्या धंद्यांतील उड्या आणि बदललेले तंत्र ही कारणे त्यात होतीच. पण ज्यांच्या हातचे काम गेले त्यांना कारणांची टक्केवारी सांगून काय उपयोग? त्यांच्यासाठी प्रश्न एवढाच, की पुढच्या वेळी आपण अधिक सावध असू की नाही.

दुसरे उदाहरण शेतीचे. मराठवाड्यात सोयाबीन हे आज मोठे नगदी पीक आहे आणि त्याचा भाव पामतेलाशी बांधलेला आहे. ते येते मुख्यतः इंडोनेशिया आणि मलेशियातून. अनेकांना वाटते, की करारानेच आपले हात बांधले. वस्तुस्थिती निराळी आहे. कच्च्या पामतेलावर ३७.५ टक्के आणि शुद्ध तेलावर ४५ टक्क्यांपर्यंत जकात घेण्याची मुभा करारात आहे. महागाईच्या काळात ती खाली आणली ती आपणच. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या तेलावरची मूळ जकात शून्यावरून २० टक्के केली आणि मे २०२५ मध्ये पुन्हा १० टक्क्यांवर आणली. शहरातील गृहिणीला तेल स्वस्त हवे आणि शेतकऱ्याला सोयाबीनचा भाव हवा. दोघांचीही बाजू न्यायाची आहे. पण जकात अशी वर्षावर्षाला हेलकावे खाऊ लागली, तर पेरणी करणाऱ्याने कशाच्या भरवशावर बी टाकावे? तूर आणि उडीद यांचेही तसेच. २०२१ साली म्यानमारकडून दरवर्षी अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर घेण्याचे ठरले. टंचाईत ते योग्यच, परंतु त्या जहाजांची वेळ आपल्या सुगीच्या मोसमाशी पडू नये, एवढी काळजी घेणे अवघड नाही.

हिशोबही पाहू. करार झाला तेव्हा, २०१०-११ मध्ये, आपली निर्यात सुमारे २५ अब्ज डॉलर आणि आयात ३० अब्ज डॉलर होती. २०२३-२४ मध्ये निर्यात सुमारे ४१ अब्ज झाली, आयात मात्र ८० अब्जांच्या घरात गेली. याचे एक कारण असे, की सर्वांनी सारखी दारे उघडली नाहीत. इंडोनेशियाने आपल्याहून पुष्कळ कमी वस्तूंवरील जकात काढली. दुसरे कारण, तिसऱ्याच देशाचा माल आसियानचा शिक्का घेऊन येतो असा संशय. करारान्वये मालात ३५ टक्के मूल्य सभासद देशांत भरलेले असले पाहिजे. ते तपासण्याचे नियम आपण २०२० साली कडक केले, आणि २०२३ साली साऱ्या कराराचाच फेरविचार करण्याचे उभय बाजूंनी मान्य केले.

मग मैत्री तोडावी काय? आमचे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. याच रस्त्यावर पुढे बिडकीन येथे नवी औद्योगिक नगरी वसत आहे. जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने आपल्या जिल्ह्यातील मोटार कारखान्यासाठी राज्य सरकारशी करार केला आहे. टोयोटाचे मोठे कारखाने थायलंड आणि इंडोनेशियातही आहेत. म्हणजे सुटे भाग तिकडून येणार की आपल्या वाळूज-चितेगावच्या लहान कारखान्यांतून तिकडे जाणार, हा उद्याचा खरा प्रश्न आहे. अजिंठा-वेरूळची लेणी येथे आहेत आणि थायलंड, म्यानमार, कंबोडिया, लाओस हे देश बुद्धाला मानणारे आहेत. तेथील यात्रेकरू बुद्धगयेला जातो, तसा तो येथेही का येऊ नये?

सहकार्य वाढवावयाचे तर तीन गोष्टी हव्यात. कच्च्या मालावरील कर पक्क्या मालाहून जास्त नसावा. शेतमालाची जकात पेरणीपूर्वी जाहीर व्हावी आणि सुगी संपेपर्यंत टिकावी. आणि करार करण्यापूर्वी दिल्लीने उद्योजकांच्या संघटनांप्रमाणेच कामगार व शेतकरी यांनाही विचारावे. मैत्री म्हणजे डोळे मिटून दार उघडे टाकणे नव्हे, आणि दार लावून बसणेही नव्हे. आल्यागेल्याचा हिशोब रोखठोक असला, म्हणजे शेजार टिकतो. पैठणचे व्यापारी दोन हजार वर्षांपूर्वी हा हिशोब जाणत होते. तो आपणही शिकावा, एवढेच सांगून आम्ही आपली रजा घेतो.