चोरून टिपलेला आवाज कोर्टात टिकतो का?

(जिल्हा बैठकीतील भाषण)



आज जवळपास प्रत्येकाच्या खिशात फोन आहे आणि त्या फोनात समोरच्याचे बोलणे टिपायची सोय आहे. त्यामुळे गावोगाव एक नवे वाक्य ऐकू येते. फेरफाराच्या नोंदीसाठी कुणी पैसे मागितले की आपला माणूस म्हणतो, "मागू दे की. सगळं रेकॉर्ड केलंय." आणि निर्धास्त होतो. मला आज एवढेच सांगायचे आहे की त्यात निर्धास्त होण्यासारखे काही नाही. चोरून टिपलेला आवाज कोर्टात चालतो. पण चालणे वेगळे आणि टिकणे वेगळे.

आधी चालतो का, ते बघू. १९६४ सालची गोष्ट. मुंबईत तेव्हा कॉरोनर नावाचा अधिकारी असे. संशयास्पद मृत्यूचे कारण ठरवणे हे त्याचे काम. अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर एक रोगी दगावला. कॉरोनरने डॉक्टरकडे पैसे मागितल्याची तक्रार लाचलुचपत खात्याकडे गेली. खात्याच्या लोकांनी एका डॉक्टरच्या संमतीने त्याच्याच टेलिफोनला टेपरेकॉर्डर जोडला आणि कॉरोनरशी झालेले बोलणे टिपले. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. हाच आर. एम. मलकाणी विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा खटला. निकाल लागला सप्टेंबर १९७२ मध्ये.

आरोपीचे म्हणणे होते की माझ्या नकळत घेतलेले बोलणे पुरावा होऊच शकत नाही. न्यायालयाने ते मानले नाही. बोलणाऱ्या दोघांपैकी एकाच्या संमतीने टिपले, म्हणजे तार कायदा मोडला नाही. आणि पुरावा गैरमार्गाने मिळाला असला तरी तेवढ्याने तो बाद होत नाही. तो प्रकरणाशी संबंधित आहे का आणि खरा आहे का, हे बघायचे. पैसे हातात पडलेले नव्हते, तरी लाच मिळवण्याच्या प्रयत्नाबद्दल दोषी ठरवल्याचा निकाल कायम राहिला. २०१७ साली खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरला. तरी नवराबायकोच्या भांडणात चोरून टिपलेले फोन पुरावा म्हणून घेता येतील, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितले. म्हणजे दार उघडे आहे.

आता टिकतो कशाने, ते बघू. तुम्ही कपाशीचे बियाणे आणता. ते उगवत नाही. तुम्ही तक्रार करता. मग पहिला प्रश्न काय येतो? पिशवी कुठे आहे? लेबल कुठे आहे? पावती कुठे आहे? पिशवी फेकली असेल, तर शेत उजाड दिसत असूनही तुमचे म्हणणे लुळे पडते. आवाजाचेही तसेच आहे.

१९६७ साली मुंबई महापालिकेच्या कारकुनाला लाच देऊ करणाऱ्या एका माणसाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले. तिथेही बोलणे लपवलेल्या माइकवर टिपले होते. न्यायालयाने सांगितले, टेप ही घटनेच्या फोटोसारखी आहे. पण टेप पुसता येते, बदलता येते, म्हणून ती जपून तपासायची. १९८५ साली रामसिंग यांच्या निवडणूक खटल्यात कसोट्या नीट मांडल्या गेल्या. आवाज कोणाचा, हे ओळखणाऱ्याने सांगितले पाहिजे. टिपले ते बरोबर आहे, हे टिपणाऱ्याने शाबित केले पाहिजे. त्यात काटछाट झालेली नाही, याची खात्री पटली पाहिजे. बोलणे मुद्द्याचे पाहिजे. टेप सीलबंद आणि सुरक्षित ठेवलेली पाहिजे. आवाज स्पष्ट ऐकू आला पाहिजे.

"तो माझा आवाजच नाही," असे समोरचा म्हणाला तर? २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मॅजिस्ट्रेट आरोपीला आवाजाचा नमुना देण्याचा हुकूम करू शकतो. नव्या फौजदारी कायद्यात ती तरतूद आता लिहूनच ठेवली आहे.

फोनमधल्या रेकॉर्डिंगला आणखी एक कागद लागतो. त्याला प्रमाणपत्र म्हणतात. हा नियम पक्का झाला तो आपल्या जालन्याच्या खटल्यात. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज तीन वाजेच्या आत आला की नंतर, हा वाद होता. पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओचा. तो चोरून घेतलेला नव्हता, पण नियम सगळ्यांना एकच. जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नक्कल द्यायची तर प्रमाणपत्र पाहिजेच. मूळ यंत्रच हजर केले आणि त्याच्या मालकाने स्वतः साक्ष दिली, तर गोष्ट वेगळी. १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष कायदा आला. त्याच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. एक यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाइलीचा हॅश आकडा लिहावा लागतो. हा आकडा म्हणजे फाइलीचा अंगठ्याचा ठसा. फाइलीत कणभर बदल झाला की ठसा जुळत नाही.

मग आपण काय करतो? रेकॉर्डिंग व्हॉट्सअॅपवर गावभर पाठवतो, नको तो भाग कापतो, आणि वर्षभरात फोन विकून टाकतो. पिशवी आपणच फेकतो!

आणखी दोन धोके सांगतो. पहिला. स्वतःचे बोलणे टिपणे वेगळे आणि दुसऱ्या दोघांचा फोन ऐकणे वेगळे. तो अधिकार सरकारलाही मोकाट नाही. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बंधने घातली. २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयाने तर लाचेच्या प्रकरणातले फोन टॅपिंगचे बेकायदा हुकूम रद्द करून ते रेकॉर्डिंग नष्ट करायला लावले. सरकारची ही गत, तर आपली काय होईल?

दुसरा धोका मोठा आहे. २०१८ पासून लाच देणाराही गुन्हेगार आहे. नाइलाजाने द्यावी लागली, तर सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवले तरच सुटका. पैसे देतानाचे रेकॉर्डिंग करून गप्प बसलात, तर ते तुमच्याच विरुद्धचा पुरावा होईल.

म्हणून रस्ता सरळ ठेवा. मागणी झाली की पैसे देऊ नका. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा नंबर फिरवा. ते पंचांसमोर मागणीची पडताळणी करतात, बोलणे टिपतात, सील करतात आणि मग सापळा लावतात. तुमच्याकडे आधीचे रेकॉर्डिंग असेल तर फोन जसाच्या तसा ठेवा. तारीख, वेळ, जागा आणि सोबत कोण होते, ते त्याच दिवशी वहीत लिहा. मूळ फाइल पुसू नका, कापू नका, फोन विकू नका. फोन जमा केला की पंचनाम्याची प्रत मागा. उद्या कुणी तुमचाच आवाज अर्धवट कापून तुमच्यावर आणला, तर तुम्हीही असेच विचारा: मूळ यंत्र कुठे? पूर्ण बोलणे कुठे? प्रमाणपत्र कुठे?

आणि शेवटी साक्षीला उभे राहा. मलकाणी खटल्यात नुसत्या टेपवर निकाल लागला नाही. डॉक्टर पिंजऱ्यात उभे राहून बोलले आणि टेपने त्यांच्या शब्दाला आधार दिला. यंत्र आधार देईल. उभे तुम्हालाच राहावे लागेल.