सहाव्या दिवशी ती जाणार कुठे?



स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे बुलढाण्यात मनःपूर्वक स्वागत करते. ताराबाई शिंदे याच गावच्या. सुरतेच्या एका तरुण विधवेला बालहत्येबद्दल शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांतून समस्त बायकांना नावे ठेवली जाऊ लागली, तेव्हा संतापून त्यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली. १८८२ साली पुण्यात ती छापली गेली. कौटुंबिक हिंसाचारावरची परिषद या गावात भरते आहे याचा मला अभिमान वाटतो.

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. ‘नवऱ्याने मारले’ असे सांगत बाई दवाखान्यात सहसा येत नाही. न्हाणीत पाय घसरला, असे सांगते. पण मनगटापासून कोपरापर्यंत हाताच्या बाहेरच्या बाजूला वळ असतात. तोंड वाचवायला हात आडवे धरले की वळ तिथेच उठतात. शेजारी सासू किंवा नवरा उभा असतो आणि तिच्याऐवजी तोच उत्तरे देतो. अशा वेळी सोबतच्या माणसाला औषध आणायला पाठवावे, दार लोटून घ्यावे आणि सरळ विचारावे, ‘बाई, घरी कोणी मारतं का?’ पुष्कळदा ती आधी दाराकडे बघते, मग बोलते. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘सेहत’ संस्था आणि महापालिकेने या शतकाच्या सुरुवातीला ‘दिलासा’ केंद्र उघडले, ते हेच ओळखून. पोलीस ठाण्याची पायरी न चढणारी बाई दवाखान्यात मात्र येते. माझ्या व्यवसायबंधूंना कळकळीची विनंती आहे की हा प्रश्न त्यांनी विचारायला सुरुवात करावी.

कारण बाकी कुठे ती बोलतच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या दर चार विवाहित स्त्रियांपैकी सुमारे एकीने नवऱ्याकडून हिंसा झाल्याचे सांगितले. देशभरात हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागितली ती जेमतेम १४ टक्के स्त्रियांनी.

समजा, ती बोलली. पुढे काय? आपल्याकडे कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा आहे आणि तो चांगला आहे. त्यात घरात राहण्याचा हक्क आहे, संरक्षणाचा आदेश आहे, खर्चाचे पैसे आहेत, मुलांचा ताबा आहे. अर्जाची पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांत लागावी आणि साठ दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा, असे त्यात लिहिले आहे. प्रत्यक्षात तारखा कशा पडतात, ते इथल्या वकील मंडळींना मी सांगायला नको. जिल्ह्याच्या सखी केंद्रात तात्पुरता निवारा मिळतो, तो पाच दिवसांपर्यंत. परिषदेच्या या दोन दिवसांत मला एकाच प्रश्नावर चर्चा हवी आहे: सहाव्या दिवशी ती जाणार कुठे?

आमच्या जिल्ह्यात तेरा तालुके आहेत. संग्रामपूर किंवा जळगाव जामोदकडच्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून बाई निघते. एक लेकरू कडेवर, एक हाताशी, पिशवीत आधार कार्ड आणि रेशन कार्ड. तेही उचलायला सापडले तर. शेवटची एसटी गेली असेल तर ती रात्र स्टँडवर. बुलढाण्यापर्यंत पोहोचली तरी पाच दिवसांनी निवारागृहाचा शोध सुरू होतो. तिथे मुलांच्या वयाची अट असते. मोठ्या मुलाला बाहेर ठेवावे लागणार म्हणून बाया परत सासरी गेलेल्या मी पाहिल्या आहेत. माहेरचे म्हणतात, ‘दोन दिवस राहा, मग आम्ही पोचवून देतो.’

म्हणून मला वाटते, निवारागृहे वाढवावीत, पण आपला खरा जोर कलम १९ वर असावा. मारणाऱ्याला घराबाहेर काढण्याचा, किंवा तिच्यासाठी वेगळ्या घराचे भाडे त्याला भरायला लावण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्यांना त्या कलमाने दिलेला आहे. मुलांची शाळा, रोजचे काम, शेजार, सगळे सोडून तिनेच का निघायचे? २०२० मध्ये सतीश आहुजा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की घर सासऱ्याच्या नावावर असले तरी तिचा राहण्याचा हक्क तेवढ्याने संपत नाही. हा निकाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागला पाहिजे.

आणि हे घडवून आणायचे कोणी? संरक्षण अधिकाऱ्यांनी. घटनेचा अहवाल त्यांनी लिहायचा, अर्जाला त्यांनी मदत करायची, आदेशाच्या अंमलबजावणीवर लक्षही त्यांनीच ठेवायचे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना पुन्हा बजावावे लागले की जिल्हा आणि तालुका पातळीवर हे अधिकारी ठरवून द्या. पण दुसऱ्या खात्याचे काम सांभाळून, गाडी नाही, मदतनीस नाही, अशा स्थितीत अधिकाऱ्याने किती गावे गाठायची? ही जबाबदारी पूर्णवेळ हवी, आणि त्यासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र रक्कम हवी. परिषदेच्या ठरावात ही मागणी नेमक्या शब्दांत यावी, असा माझा आग्रह राहील.

दुपारच्या सत्रात काही भगिनी स्वतःचे अनुभव सांगणार आहेत. त्यांचे फोटो किंवा व्हिडिओ कृपया कोणी काढू नयेत. पत्रकार मित्रांनी त्यांची नावे आणि गावे छापू नयेत. लहान मुलांसाठी मागच्या वर्गखोलीत पाळणाघराची सोय केली आहे. जेवण साडेबाराला आहे, व्यवस्थेत काही उणे राहिले तर आमच्या कार्यकर्त्यांना हक्काने सांगा. पुन्हा एकदा आपले स्वागत करते आणि उद्घाटकांना विनंती करते की त्यांनी परिषदेचे उद्घाटन करावे.