पापुद्रा कोणाच्या दाराशी?



18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपानंतर परळ-लालबागच्या बहुतेक गिरण्या बंद पडल्या. त्यांच्या जमिनींवर उभ्या राहिलेल्या उंच इमारतींतून आज पाणी शुद्ध करणारी यंत्रे सर्रास दिसतात. वास्तविक मुंबईच्या नळाचे पाणी तानसा, वैतरणा, भातसा अशा दूरच्या जलाशयांतून येते व शुद्ध करूनच पुरविले जाते. जड धातूंचा खरा धोका दादरच्या उत्तरेस, माहीमच्या खाडीला मिळणाऱ्या मिठी नदीत आहे. कारखान्यांच्या सांडपाण्याबरोबर शिसे, क्रोमियम यांसारखे धातू तिच्यात उतरतात. ते कुजत नाहीत. गाळात साठतात, शिंपल्यांत व मासळीत शिरतात. जपानमधील मिनामाता येथे पाऱ्याने हाच मार्ग धरला. 1956 साली तो रोग उघडकीस आला, तेव्हा त्याची मोठी झळ मासेमारांच्या कुटुंबांना बसली होती.

घरगुती यंत्राचे मर्म म्हणजे एक सूक्ष्म पापुद्रा. दाब दिला की पाणी त्याच्या पलीकडे जाते आणि विरघळलेले धातू बहुतांशी अलीकडेच अडतात. 1960 च्या सुमारास कॅलिफोर्नियात लोब व मूळचे भारतीय सुरीराजन यांनी असा व्यवहार्य पापुद्रा तयार केला. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही या तंत्रावर काम झाले आहे.

परंतु पापुद्रा विषाचा नाश करीत नाही, ते केवळ वेगळे काढतो. अडलेला धातू थोड्या पाण्यात अधिक दाट होऊन उरतो. ते पाणी गटारात सोडले, तर एकाचे शुद्ध पाणी दुसऱ्याच्या पदरी विष घालते. शिवाय सांडपाणी नाल्यात मिसळल्यावर तेल व गाळ यांनी पापुद्रा लवकर चोंदतो. म्हणून त्याची योग्य जागा कारखान्याच्या दाराशी आहे. निकेलचा मुलामा देणाऱ्या कारखान्यात तेथल्या तेथे विसळणीचे पाणी गाळले, तर पाणी पुन्हा वापरता येते आणि निकेलही परत मिळते.

लहान कारखानदाराला हा खर्च एकट्याने पेलणार नाही, हे खरे. त्याकरिता सरकारी साहाय्याने सामाईक केंद्रे उभारावी लागतील. 1974 च्या जलप्रदूषण प्रतिबंधक कायद्याने नियंत्रण मंडळांना तपासणीचा अधिकार दिलेला आहेच. त्या तपासणीचे आकडे कामगारांच्या व कोळीवाड्यांच्या प्रतिनिधींना नियमित दाखविले जावेत आणि दाट विषारी पाण्याचा हिशेब कारखान्याने द्यावा, ही मागणी घेऊन कार्यकर्त्यांनी वस्तीवस्तीत गेले पाहिजे.