घरचा पाट

हाताला सवड मिळाली, की घरी एक पाट करून पाहा. करवत, रंधा, पटाशी, गुण्या आणि हातोडी असली की झालं.

फळी वाळलेलीच घ्या. ओली फळी मागून वाकते. रंधा लाकडाच्या रेषांच्या कलानं मारा. उलटा मारलात तर लाकूड उचकटतं. खालच्या दोन आडव्या पट्ट्यांसाठी पटाशीनं खाचा पाडा.

पटाशी बोथट नको. तिला जोर जास्त लावावा लागतो, मग ती सटकते. माझ्या डाव्या अंगठ्यावरचा वण तिचाच! तेव्हा मी लाकूड एका हातानं धरून कोरत होतो. आता लाकूड आधी घट्ट अडकवतो आणि दोन्ही हात धारेच्या मागेच ठेवतो. पोरगा शिकायला बसला, तेव्हा त्याला पहिलं हेच दाखवलं.